उन्हांतले कारखानदार

आफ्रिका हें नांव उच्चारलें कीं आपल्यापैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें सिंह, जिराफ आणि अफाट गवताळ मैदानें उभीं राहतात. माझी कन्या व जांवई नोकरीनिमित्त केनिया देशाच्या राजधानींत, नैरोबी शहरांत, राहतात. निवृत्तीनंतर त्यांच्या आग्रहावरून मी तेथें चार महिने राहून आलों. जातांना माझ्याही मनांत हींच चित्रें होतीं. सिंह मीं पाहिला नाहीं असें नाहीं. शहराच्या अगदीं वेशीवरच राखीव अरण्य आहे. पण परत आल्यावर माझ्या कानांत राहिला आहे तो सिंहाचा आवाज नव्हे. तो पत्र्यावर पडणाऱ्या हातोड्यांचा आवाज आहे. त्या आवाजाविषयीं, आणि तो करणाऱ्या माणसांविषयीं, आज मला आपणांशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

नैरोबींत या माणसांना 'जुआ काली' म्हणतात. हा शब्द प्रथम कानीं पडला तेव्हां माझी समजूत अशी झाली कीं, हें कांहीं तरी जुगाराचें प्रकरण असावें. माझी मुलगी हंसली आणि म्हणाली, "बाबा, हें हिंदी नव्हे, स्वाहिली आहे. 'जुआ' म्हणजे सूर्य आणि 'काली' म्हणजे प्रखर." डोक्यावर छप्पर नसल्यामुळें जे लोक भर उन्हांत बसून धंदा करतात, ते जुआ काली. आरंभीं हें नांव लोहार, पत्र्याचें काम करणारे, मोटारी दुरुस्त करणारे अशा कारागिरांपुरतें होतें. पुढें तें सर्वच लहान, कोठें नोंद नसलेल्या धंद्यांस लागूं झालें. शिंपी, सुतार, चांभार, जुने कपडे विकणाऱ्या बाया, मक्याचीं कणसें भाजणारे, सारे त्यांत आले. केनिया सरकारची २०२३ सालची आंकडेवारी सांगते कीं, लहान शेतकरी वगळले, तर त्या देशांतील काम करणाऱ्या दर १०० माणसांपैकीं सुमारें ८३ माणसें याच वर्गांत मोडतात. पगारपत्रकावर सही करून महिन्याच्या महिन्यास वेतन घेणारा माझ्यासारखा मनुष्य तेथें अपवाद होय.

हें असें कां झालें, तें समजण्यासाठीं थोडा इतिहास पाहावा लागतो. आणि त्या इतिहासांत आपल्या देशाचाही हात आहे.

नैरोबी हें कांहीं प्राचीन शहर नव्हे. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत इंग्रजांनीं १८९६ ते १९०१ या काळांत रेल्वे घातली. त्या मार्गावर १८९९ सालीं जेथें रेल्वेचा तळ पडला, तेथें हें शहर वसलें. तो तळ वाढत वाढत २०१९ सालच्या शिरगणतींत सुमारें ४४ लाख वस्तीचा झाला होता. या रेल्वेच्या कामावर हिंदुस्थानांतून सुमारें ३२ हजार मजूर व कारागीर नेण्यांत आले होते. त्यांत पंजाबकडचे लोक अधिक. सुमारें अडीच हजार तेथेंच मरण पावले, बहुतेक परत आले, आणि सहा-सात हजार लोक तेथेंच स्थायिक झाले. त्यांच्यामागून गुजराथी व्यापारी गेले. कोणी दुकान थाटलें, कोणी लोहाराचा भाता पेटविला, कोणी सुतारकाम केलें.

या दळणवळणाच्या खुणा तेथील भाषेंत आजही दिसतात. स्वाहिलींत दुकानाला 'दुका' म्हणतात, गाडीला 'गारी', रंगाला 'रांगी', विम्याला 'बीमा', आणि कारखान्याला 'काराकाना'. यांतील कांहीं शब्द आपल्या लोकांबरोबर गेले असतील, कांहीं फारशी भाषेंतून दोहींकडे गेले असतील. पण नैरोबीच्या रस्त्यांतून हिंडतांना ते कानावर पडले कीं परदेशांतही मनुष्याला अर्धा ओळखीचा प्रदेश लागल्यासारखें वाटतें. सरकारला ते 'सेरिकाली' म्हणतात, हें मला सर्वांत शेवटीं कळलें.

इंग्रजी अमदानींत या शहराचे भाग वर्णावरून पाडलेले होते. उंचावरच्या थंड टेकड्या गोऱ्यांसाठीं, मधला बाजार हिंदी लोकांसाठीं. आणि ज्याचा तो देश, त्या आफ्रिकन मनुष्यास शहरांत केवळ मजूर म्हणून तात्पुरता शिरकाव. 'किपांदे' नांवाचें एक ओळखपत्र धातूच्या लहान डबींत घालून त्याला तें गळ्यांत अडकवून फिरावें लागे. ज्या शहरानें त्याला पाहुणासुद्धां मानलें नाहीं, तें त्याला दुकानासाठीं जागा कोठून देणार? पण हिंदी कारागिरांच्या कारखान्यांतून आफ्रिकन मदतनीस भाता ओढीत, पत्रा धरीत, आणि पाहतां पाहतां काम शिकत. १९६३ सालीं देश स्वतंत्र झाला. पुढें १९६७-६८ च्या सुमारास हिंदी लोक मोठ्या संख्येनें देश सोडून इंग्लंडकडे वळले. मागें राहिलेल्या आफ्रिकन कारागिराच्या हातांत विद्या होती, मोडक्या लोखंडांतून हत्यारें घडविण्याची बुद्धि होती. जागा मात्र नव्हती. म्हणून तो उघड्यावर बसला, आणि त्याच्या उन्हाचें त्याला नांव पडलें.

आतां मीं काय पाहिलें तें सांगतों.

शहराच्या मध्यभागापासून पूर्वेकडे गेलें कीं कामुकुंजी नांवाचा भाग लागतो, आणि त्याच्या शेजारीं, नैरोबी नदीच्या कांठाला लागून, गिकोंबा नांवाचा प्रचंड बाजार. गिकोंबांत जुन्या कपड्यांचा व्यापार चालतो. युरोप-अमेरिकेंत लोकांनीं टाकून दिलेले कपडे दाबून बांधलेल्या गठ्ठ्यांतून येतात. त्या गठ्ठ्यांस 'मितुंबा' म्हणतात, आणि त्यावरून कपड्यांनाही तेंच नांव पडलें आहे. गठ्ठा विकत घेतांना आंत काय निघेल हें पुष्कळदां नक्की ठाऊक नसतें. चांगले सदरे निघाले तर महिना निभावला. फाटके निघाले तर भांडवल बुडालें. जुआ हा शब्द ऐकून मला जी जुगाराची शंका आली होती, ती येथें अगदींच चुकीची नव्हती!

कामुकुंजींत मात्र हातोड्यांचें राज्य आहे. जुनीं तेलाचीं पिंपें उभीं चिरून, ठोकून सपाट केलीं जातात. शिवाय शेजारच्या पेढ्यांतून नवा पत्राही येतो. रेल्वेच्या रुळाचा तुकडा ऐरण म्हणून पुढ्यांत घेतलेला असतो. तेथें पातेलीं होतात, शेगड्या होतात, मातीकामाच्या ढकलगाड्या होतात, कोंबड्यांना दाणा घालण्याचीं पात्रें होतात, आणि पत्र्याच्या पेट्या होतात. केनियांत दूरच्या शाळेंत वसतिगृहांत राहावयास जाणाऱ्या मुलांना अशी कुलूप लागणारी पेटी लागतेच. त्यामुळें नव्या वर्गाच्या आरंभीं तेथें पेट्यांचे डोंगर रचलेले असतात. एक जण पत्रा कापतो, दुसरा कडा दुमडतो, तिसरा रिबिटा मारतो, चौथा रंग देतो. पुष्कळदां हे चौघे चार स्वतंत्र धंदेवाले असतात. तेथें मालक एक नाहीं आणि भोंगा नाहीं. तरीही काम या हातांतून त्या हातांत बिनबोभाट सरकतें.

माझीं पुस्तकें घालून आणण्यासाठीं मलाही एक लहान पेटी हवी होती. मुलीला बरोबर घेऊन मी एका कारागिरापुढें उभा राहिलों. कारागिराला स्वाहिलींत 'फुंदी' म्हणतात. चाळिशीचा गृहस्थ, कानांत कापसाचे बोळे, अंगावर रंगाचे डाग. त्यानें किंमत सांगितली. आपल्याकडील मध्यमवर्गीय गृहस्थाप्रमाणें मीं लगेच तिचा एक-पंचमांश कमी करावयास सांगितलें. तो रागावला नाहीं. वडीलधाऱ्यांना तेथें 'म्झे' म्हणतात, तशी त्यानें मला हांक मारली, खिशांतून खडूचा तुकडा काढला, आणि पेटीच्या झांकणावर हिशेब मांडला. पत्र्याचे इतके. कडी, बिजागरी आणि रिबिटा यांचे इतके. रंगाचे इतके. हातगाडीवाल्याचे इतके. नगरपालिकेच्या रोजच्या पावतीचा यावरचा हिस्सा इतका. शिकाऊ पोराच्या जेवणाचे इतके. मग त्यानें बेरीज केली, किंमतींतून वजा केली, आणि खडू माझ्या हातांत दिला. बाकी राहिली होती ती रक्कम, आणि मी कमी करूं पाहत होतों ती रक्कम, यांत फारसें अंतर नव्हतें.

श्रोतेहो, मीं छत्तीस वर्षें मुलांना नफा-तोट्याचीं गणितें घातलीं. त्या सर्व गणितांत व्यापारी हा एक निर्जीव प्राणी होता. तो अमुक दरानें घेई आणि तमुक दरानें विकी. त्याचें जेवण त्या गणितांत कोठें नव्हतें. मीं निमूटपणें पुरी किंमत दिली.

मग त्यानें विचारलें, झांकणावर नांव काय घालूं? शाळकरी मुलांच्या पेट्यांवर पांढऱ्या रंगानें नांव घालण्याची तेथें रीत आहे. मीं गमतीनें खडूनें माझें नांव देवनागरींत लिहून दिलें. त्या लिपीचें एक अक्षरही त्याला ठाऊक नव्हतें. त्यानें क्षणभर त्याकडे पाहिलें, कुंचला घेतला, आणि वेलांटी, रफार, सर्व कांहीं जेथल्या तेथें असें उतरविलें कीं माझ्या शाळेंतील चित्रकला-शिक्षकांनींही मान डोलावली असती. शेजारीं बसलेला पंधरा-सोळा वर्षांचा पोर तें डोळे लावून पाहत होता. त्याची शाळा चालू होती.

अशीच तेथें विद्या पसरते. मूल नातेवाइकाकडे किंवा ओळखीच्या फुंदीकडे राहतें. कोणी थोडे पैसे देऊन शिकतो, कोणी अंगमेहनत देऊन. आधीं झाडलोट, मग पत्रा धरणें, मग सरळ रेषेंत कापणें, शेवटीं मापें. पुस्तक नाहीं, परीक्षा नाहीं. माल विकला गेला तर उत्तीर्ण. आणि हात बसला कीं तो पोर चार पावलांवर स्वतःचें बस्तान मांडतो. गुरूचा तोच पहिला प्रतिस्पर्धी!

या नक्कल करण्याच्या वृत्तीचे गुण आणि दोष दोन्ही समजावयाचे असतील तर शेगडीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. स्वाहिलींत शेगडीला 'जिको' म्हणतात. नैरोबींत लक्षावधि घरांत लांकडी कोळशावर स्वयंपाक होत आला. त्यासाठीं जी साधी पत्र्याची शेगडी वापरांत होती, ती रेल्वेवर गेलेल्या हिंदी मजुरांनीं तेथें नेली असें सांगतात. ती स्वस्त खरी. पण तिच्या पत्र्यांतून उष्णता चहूंकडे निसटे, आणि कोळसा फार जळे. १९८० नंतरच्या चार-दोन वर्षांत कांहीं तज्ज्ञांनीं थायलंडमधील एका शेगडीवरून कल्पना घेतली आणि तेथल्या कारागिरांच्या साहाय्यानें एक नवी शेगडी तयार केली. बाहेरून पत्रा, आकार आपल्या डमरूसारखा, आणि वरच्या अर्ध्या भागांत भाजलेल्या मातीचें अस्तर. मातीमुळें उष्णता आंतच राहते, आणि कोळशाची सुमारें एक-तृतीयांश बचत होते. जिच्या कमाईचा मोठा भाग कोळशावर जातो त्या गृहिणीच्या दृष्टीनें ही बचत थोडी नव्हे.

आतां ही शेगडी मोठ्या यंत्रशाळेंत करावयाची कीं उन्हांतल्या कारागिरांवर सोंपवावयाची? ती उन्हांतल्यांवर सोंपविली गेली, आणि तिच्यावर कोणी मक्ता ठेवला नाहीं. कुंभारांनीं अस्तरें भाजावीं, पत्रेवाल्यांनीं कवच करावें, अशी वांटणी झाली. आरंभीं ती महाग होती. जो तो करूं लागल्यावर चढाओढीनें किंमत झपाट्यानें उतरली. युगांडा, टांझानिया, इथिओपिया अशा शेजारच्या देशांतही ती पसरली. दुसरी बाजू अशी कीं, नक्कल करणाऱ्या कांहींनीं पातळ पत्रा वापरला, कांहींनीं अस्तर कच्चें भाजलें, आणि तडकलेल्या शेगडीनें पुष्कळ बायांचे पैसे वायां गेले. तरीही ज्या युक्तीला पोंचावयास सरकारी योजनेला कित्येक वर्षें लागलीं असतीं, ती युक्ति या अनाम माणसांनीं घरोघर नेली, ही गोष्ट खरी.

भांडवलाचें काय, असा प्रश्न आपण विचाराल. बँक या लोकांना दारांत उभें करीत नाहीं. मग ते आपसांत पैसा उभा करतात. दहा-वीस बाया मिळून दर आठवड्यास किंवा महिन्यास ठराविक रक्कम काढतात, आणि ती आळीपाळीनें एकेकीला मिळते. याला तेथें 'चामा' म्हणतात. माझ्या मुलीनें हें सांगावयास आरंभ करतांच मी म्हणालों, "अग, ही तर आपली भिशी!" आपल्या आई-आजींनीं जिच्या बळावर पाटल्या केल्या आणि मुलांच्या फिया भरल्या, तीच भिशी तेथें मितुंबाचा गठ्ठा आणते आणि शिलाईचें यंत्र घेते. त्यांत लेखी करार नसतो. एकमेकींची ओळख हेंच तारण.

२००७ च्या मार्च महिन्यांत त्याला आणखी एक जोड मिळाली. दूरध्वनि कंपनीनें 'एम-पेसा' नांवाची सोय सुरू केली. यांतील 'पेसा' म्हणजे आपला पैसाच. कोपऱ्यावरच्या लहानशा टपरींत पैसे भरावे, आणि हातांतल्या मोबाइलवरून संदेश पाठवून ते दूरच्या खेड्यांत आईला पोंचते करावे, असा हा प्रकार. यामुळें दिवसाची कमाई कमरेला बांधून अंधारांत घरीं जाण्याचें भय कमी झालें, आणि मालाचे पैसे बसल्या जागीं देतां येऊं लागले. पुढें त्याच यंत्रावर झटपट कर्जही मिळूं लागलें. तें जितकें सुलभ तितकेंच महाग, आणि त्यांत अडकलेले लोकही थोडे नाहींत.

मग या लोकांजवळ नाहीं तरी काय? विद्या आहे, उद्योग आहे, परस्परविश्वास आहे, आतां पैसा हलविण्याचें साधनही आहे. माझ्या मतें याचें उत्तर त्यांच्या नांवांतच आहे. त्यांच्या डोक्यावर छप्पर नाहीं. आणि छप्पर नाहीं याचें कारण पत्र्याचा तुटवडा हें नव्हे. पत्र्याचे ढीग तर त्यांच्या भोंवतींच पडलेले असतात! पायाखालची जमीन आपली आहे असें सांगणारा कागद त्यांच्याजवळ नाहीं, हें तें कारण होय.

या एका अभावांतून पुढील सारें निघतें. उद्यां आपण येथें असूं कीं नाहीं हें ज्याला ठाऊक नाहीं, तो जड यंत्र जमिनींत पक्कें बसवीत नाहीं. उचलून पळतां येईल तेवढेंच हत्यार ठेवतो. तो मालाचा सांठा करीत नाहीं. म्हणून पत्रा घाऊक भावानें न घेतां एक-एक तुकडा महाग घेतो. तारण नाहीं म्हणून बँक कर्ज देत नाहीं. नवा प्रयोग करण्यास वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मिळेल याची खात्री नाहीं. म्हणून शेजारी जें विकतो तेंच तो करतो, आणि दहा जण एकच पातेलें घेऊन एकाच गिऱ्हाइकाकडे धांवतात. आपण दुरून पाहतों आणि म्हणतों, या लोकांना दूरदृष्टि नाहीं. अहो, ज्याला उद्यांचा दिवसच मिळालेला नाहीं, त्यानें दूरवर पाहून करावें काय?

तेथील सरकारला हें कळत नाहीं असें नाहीं. कीथ हार्ट नांवाच्या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञानें घाना देशांतील आक्रा शहरांतल्या गरीब वस्तीचा अभ्यास केला, आणि १९७१ सालीं अशा धंद्यांना 'अनौपचारिक' हें नांव दिलें. पुढच्याच वर्षीं, १९७२ सालीं, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या एका मंडळानें केनियाची पाहणी केली. हे लोक निरुद्योगी नाहींत, ते काटकसरीनें आणि किफायतशीरपणें उत्पादन करतात; यांचा छळ थांबवा आणि यांना हात द्या, असें त्या मंडळानें स्पष्ट लिहिलें. १९८५ सालीं राष्ट्राध्यक्ष मोई स्वतः या कारागिरांमध्यें आले आणि त्यांनीं छपरांचें आश्वासन दिलें. त्याप्रमाणें कामुकुंजींत कांहीं छपरें उभींही राहिलीं. १९९२ सालीं सरकारनें त्यांच्याविषयीं स्वतंत्र धोरण प्रसिद्ध केलें, २०१२ सालीं कायदा झाला. तरीही पक्का कागद हातीं असलेला कारागीर आजही विरळाच. छप्पर देणें सोपें असतें. त्या छपराखालची जमीन देणें अवघड असतें.

आणि जमीन नसली म्हणजे काय होतें तें गिकोंबानें पुन्हां पुन्हां पाहिलें आहे. त्या बाजारास वरचेवर आगी लागतात. २०१८ च्या जून महिन्यांत लागलेल्या आगींत १५ माणसें मृत्युमुखीं पडलीं. दाटीवाटीनें उभ्या केलेल्या लांकडी टपऱ्या, मधून बंबाला जावयास वाट नाहीं. जागा आपली नाहीं म्हणून पक्की भिंत बांधतां येत नाहीं, आणि भिंत नाहीं म्हणून एकाची आग शेजाऱ्याची होते. प्रत्येक आगीनंतर बाजारांत कुजबूज उठते कीं, ही लागली कीं लावली? कारण रिकामी झालेली जमीन मोलाची असते. खरें-खोटें कांहीं असो; ज्याच्याजवळ कागद नाहीं, त्याला ही शंका सुखानें झोंपूं देत नाहीं एवढें खरें.

कोणी म्हणेल, हे लोक रस्ते अडवितात, नदीचें पात्र बुजवितात, त्यांना हटवूं नये तर काय करावें? या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. २०२४ सालीं नैरोबींत मोठे पूर आले, माणसें दगावलीं, आणि त्यानंतर नदीकांठचीं घरें व झोंपड्या पाडण्यांत आल्या. नदीला वाट हवी हें खरेंच. पण हटविणाऱ्यानें आधीं पर्यायी जागा दाखवावी, आणि ती गिऱ्हाईक येईल अशा ठिकाणीं असावी, एवढा विवेक हवा. ओसाड माळावरचें सुंदर दुकान म्हणजे कारागिराला वनवासच.

मी या जीवनाचें गोडवे गात नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. त्या फुंदीच्या कानांतील कापसाचे बोळे मीं मघाशीं सांगितले. दिवसभराच्या ठोकाठोकीनें ऐकूं येईनासें होतें, आणि त्याबद्दल भरपाई देणारा कोणी नाहीं. बोट तुटलें तर रजा नाहीं. म्हातारपणीं निवृत्तिवेतन नाहीं. बायका जुने कपडे, भाजीपाला, शिजविलेलें अन्न अशा थोड्या नफ्याच्या धंद्यांत अधिक आढळतात. घणाच्या कामांत, जेथें पैसा थोडा बरा मिळतो, तेथें त्या क्वचितच दिसतात. परदेशांतून येणारा स्वस्त यांत्रिक माल तर रोज दाराशीं उभा आहे. या लोकांची जिद्द पाहून टाळ्या वाजविणें सोपें आहे. पण जिद्द हा कांहीं विम्याचा हप्ता नव्हे.

शेवटीं एक गोष्ट माझ्या स्वतःच्या आयुष्यांतली. फार वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचा बाप रस्त्याच्या कडेला बसून पत्र्याचे डबे बनवी आणि जुने झाळून देई. मुलाचें गणित कच्चें होतें. एकदां मीं बापाला शाळेंत बोलाविलें, आणि सर्व वर्गादेखत म्हणालों, "याला अभ्यासाला बसवा, नाहीं तर तुमच्यासारखा रस्त्यावर बसेल." तो गृहस्थ कांहीं बोलला नाहीं. टोपी नीट केली, नमस्कार केला आणि गेला. माझा हेतु वाईट नव्हता, आणि मुलानें शिकावें हें माझें म्हणणें आजही चुकीचें वाटत नाहीं. पण नैरोबींत त्या पेटीच्या झांकणावरील बाकी वाचतांना मला त्या गृहस्थाची आठवण झाली. ज्याच्या रोजच्या जमाखर्चांत एक पैशाची चूक परवडत नव्हती, अशा मनुष्याला मीं गणिताचें महत्त्व सांगत होतों. आणि ज्या रस्त्यावर बसण्याचा मीं त्याला कमीपणा दिला, तो रस्ता त्यानें आवडीनें निवडलेला नव्हता.

ती पेटी आज माझ्या खोलींत आहे. तिच्यावर माझें नांव पांढऱ्या रंगांत आहे. तें वाचतां न येणाऱ्या हातानें लिहिलेलें, आणि एकही चूक नसलेलें. आपल्याकडेही रस्त्यावरील विक्रेत्यांच्या रक्षणासाठीं २०१४ सालीं कायदा झाला आहे. तो किती ठिकाणीं अमलांत आला हें आपण आपल्या गांवांत पाहावें. नैरोबीच्या उन्हांतून मी एवढेंच शिकून आलों कीं, अशा माणसांना उद्योग शिकविण्याची घाई आपण करूं नये. तो त्यांना येतो. त्यांना हवी आहे ती उद्यां सकाळीं त्याच जागीं हत्यार ठेवतां येईल एवढी खात्री. आणि आपणांसारख्या गिऱ्हाइकाकडून, घासाघीस करण्यापूर्वीं, बाकीचा थोडा विचार.